जुनी मोठी फिशटँक आणि तिचे फिल्टर विकताना: भरलेल्या टाकीपासून सुरुवात

मोठी फिशटँक विकायचे ठरले, की बहुतेक घरांत आधी मासे देऊन टाकले जातात, मग पाणी उपसले जाते, टाकी एखाद्या कोपऱ्यात नेऊन ठेवली जाते आणि सर्वांत शेवटी जाहिरातीचा विचार होतो. विक्रीच्या दृष्टीने हा क्रम उलटा आहे. घेणाऱ्याच्या मनात मोठ्या टाकीविषयी एकच भीती असते, ती म्हणजे घरी नेऊन भरल्यावर ती गळेल की काय; आणि पाण्याने भरलेली, मासे फिरत असलेली, फिल्टर चालू असलेली टाकी या भीतीला जे उत्तर देते, ते कोरड्या टाकीशेजारी उभे राहून दिलेल्या कोणत्याही आश्वासनाने देता येत नाही. माझी पहिली 4 फुटी टाकी मी अशीच घाईने रिकामी केली होती. जोड निर्दोष होते, समोरच्या काचेवर ओरखडा नव्हता, तरी पाहायला येणारा प्रत्येक जण जोडांवरून बोट फिरवी, ‘शेवटची कधी भरली होती?’ असे विचारी आणि ‘कळवतो’ म्हणून निघून जाई. अखेर ती पुन्हा भरून 2 दिवस तशीच ठेवली, तेव्हा ती विकली गेली. म्हणून पुढचा सगळा क्रम भरलेल्या टाकीपासून सुरू केला आहे.

मोजमाप आणि चित्रण

पाणी काढण्यापूर्वी टाकीची बाहेरून लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजावी, आणि वरच्या कडेवर पट्टी धरून काचेची जाडी मिलिमीटरमध्ये पाहावी. तिन्ही मापांचा गुणाकार करून 1000 ने भागले, की लिटर मिळतात. 120 × 45 × 60 सेंमीची टाकी या हिशेबाने 324 लिटरची ठरते. पण 10 मिमी काचेची जाडी वजा केली आणि पाणी 55 सेंमीपर्यंतच भरले, तर तिच्यात प्रत्यक्षात सुमारे 279 लिटरच मावतात. दोन्ही आकडे सांगावेत, कारण फिल्टर आणि हीटर निवडताना घेणाऱ्याला दुसरा आकडा लागतो. गॅलनचे माप टाळलेलेच बरे. अमेरिकी गॅलन 3.785 लिटरचा असतो आणि ब्रिटिश गॅलन 4.546 लिटरचा, आणि या फरकातून झालेले गैरसमज व्यवहार ठरल्यानंतर उघड होतात.

वजनाचा अंदाजही आधीच करून ठेवावा. काचेचे वजन प्रत्येक चौरस मीटरला, जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे अडीच किलो धरतात. वरच्या मापाच्या 10 मिमी टाकीत तळ आणि चार बाजू मिळून सुमारे अडीच चौरस मीटर काच असते, म्हणजे रिकामी टाकीच 63 किलोंची होते. पाणी, खडी आणि स्टँड धरून एकूण भार चारशे किलोंच्या आसपास किंवा पुढे जातो. हा आकडा ऐकल्यावर घेणारा आपल्या घरातली जागा आणि जमीन यांचा विचार करू लागतो, आणि तो त्याने पैसे देण्यापूर्वीच केलेला दोघांच्याही हिताचा असतो.

छायाचित्रे दिवसा काढावीत आणि खोलीतल्या वस्तूंचे प्रतिबिंब काचेत पडू देऊ नये. समोरून एक संपूर्ण चित्र पुरेसे आहे. त्याहून महत्त्वाची असतात ती चारही कोपऱ्यांची, वरच्या आडव्या पट्ट्यांची आणि स्टँडच्या आतल्या बाजूची जवळून काढलेली चित्रे. ओरखडे लपवू नयेत. बाजूने टॉर्च धरून त्यांचेही एक चित्र काढावे, कारण समक्ष पाहताना अचानक दिसलेला छोटा ओरखडा चित्रात आधीच पाहिलेल्या मोठ्या ओरखड्यापेक्षा भाव जास्त पाडतो. त्यानंतर मिनिटभराचा व्हिडिओ घ्यावा आणि त्यात फिल्टरचा आवाज नीट ऐकू येऊ द्यावा. फिल्टरचे बटण बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा चालू करावे आणि तो न अडखळता सुरू होतो, हे दाखवावे. जुन्या पंपाचे दुखणे बहुधा याच क्षणी कळते, कारण झिजलेला पंप चालू असेपर्यंत चालतो, पण एकदा थांबला की नुसता गुरगुरत राहतो.

जोड कसे पाहावेत

काचेच्या टाकीत सिलिकॉन, म्हणजे काचा जोडणारा रबरासारखा चिकट पदार्थ, दोन ठिकाणी असते. दोन काचांच्या कडांमध्ये जे असते ते खरा भार पेलते, आणि आतल्या कोपऱ्यात जी जाड रेघ ओढलेली दिसते ती त्या जोडाचे पाण्यापासून आणि घासण्यापासून रक्षण करते. शेवाळ खरवडताना पात्याने आतली रेघ थोडी सोलली गेली असेल, तर टाकी लगेच गळेल असे नाही, पण हे घेणाऱ्याला सांगितलेच पाहिजे. खरी तपासणी काचांमधल्या जोडाची असते. बाहेरून टॉर्चचा प्रकाश तिरपा टाकला, की त्यातले बुडबुडे दिसतात. विखुरलेले बारीक बुडबुडे बनवतानाच राहिलेले असू शकतात. मात्र बुडबुड्यांची सलग साखळी आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत आली असेल, किंवा जोड पांढरट होऊन काचेपासून सुटू लागला असेल, तर ती टाकी पाण्यासाठी विकू नये. बाहेरच्या बाजूला, तळाजवळ क्षारांची पांढरी रेघ दिसली, तर तेथून पाणी इतक्या सावकाश झिरपते आहे की थेंब होण्याआधीच ते वाळते, असे समजावे.

जोडांवर किती भार असतो, याची कल्पना असली म्हणजे ही काळजी अवाजवी वाटत नाही. वरच्याच टाकीत पाणी 55 सेंमी असताना समोरच्या काचेवर सुमारे 178 किलो वजनाइतका जोर बाहेरच्या दिशेने सतत पडत असतो. टाकी पुढून मागे किती रुंद आहे, याने त्यात काही फरक पडत नाही. पाण्याची उंची वाढली, की तो झपाट्याने वाढतो. एखाद्या जागी वरून थोडे सिलिकॉन फासणे ही दुरुस्ती नव्हे, कारण नवे सिलिकॉन जुन्या, वाळलेल्या सिलिकॉनला नीट धरत नाही. आतली रेघ पूर्ण काढून, काच स्वच्छ करून, बुरशीरोधक औषध नसलेल्या सिलिकॉनने ती सलग ओढावी लागते. तेवढे करायचे नसेल, तर टाकी ‘पाण्यासाठी नाही, झाडांच्या काचपेटीसाठी’ असे स्पष्ट लिहून कमी भावात द्यावी. शंका असलेली टाकी चांगली म्हणून देणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात तीनशे लिटर पाणी सोडणे आहे, आणि या एका बाबतीत मी कोणतीही सूट मानत नाही.

टाकी आधीच कोरडी झाली असेल, तर ती बाहेर किंवा जेथे पाणी सांडले तरी चालेल अशा ठिकाणी सपाट आधारावर ठेवावी. तळाला चौकट नसेल तर खाली थर्माकोल घालावा. प्लॅस्टिकची चौकट असेल तर घालू नये, कारण अशा टाकीचा भार चौकटीवरच यावा लागतो. आधी एकतृतीयांश, काही तासांनी दोनतृतीयांश आणि मग पूर्ण अशी ती भरावी, भोवती कोरडा कागद पसरावा, पाण्याच्या पातळीवर चिकटपट्टीने खूण करावी आणि 24 ते 48 तास थांबावे. उघड्या टाकीत पातळी काही मिलिमीटर उतरली तर ते बाष्पीभवन असू शकते. निकाल कागदावरून लावावा. टिशू पेपरचा तुकडा खालच्या चारही कडांवरून दाबत न्यावा, म्हणजे बोटाला न कळणारी ओलही त्यावर उमटते.

फिल्टर आणि इतर उपकरणे

घेणारा टाकीकडे डोळ्यांनी पाहतो, पण फिल्टर त्याला उघडून दाखवावा लागतो. कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्यासारखा फिल्टर, बंद करून दोन्ही तोट्या मिटवाव्यात, तो बादलीत ठेवून त्याचे वरचे झाकण उचलावे आणि प्रथम गोल रबरी रिंग काढून हातात घ्यावी. ती बोटांमध्ये किंचित ताणली असता पूर्ववत व्हायला हवी. चपटी, कडक किंवा चिरा पडलेली असेल तर विकण्यापूर्वी नवी बसवावी आणि तिला सिलिकॉन ग्रीसच लावावे, कारण पेट्रोलियम जेलीने काही प्रकारचे रबर फुगते आणि सैल पडते. मग पंपाचे चाक, म्हणजे इम्पेलर, बाहेर काढावे. त्याच्या मधोमध असलेली चिनी मातीची बारीक दांडी नखाने हलकेच तपासावी. मी एकदा चांगला चालणारा फिल्टर केवळ सवयीने उघडला, तेव्हा ही दांडी मधोमध केसाएवढी चिरली होती आणि तिचे दोन्ही तुकडे केवळ इम्पेलरच्या भोकामुळे एका रेषेत राहिले होते. तसाच दिला असता, तर वाहतुकीच्या पहिल्या हिसक्यात ते निखळले असते. चिमटे बसतात त्या जागी प्लॅस्टिकला तडा नाही ना, तोट्यांना पाझर नाही ना आणि नळ्या वाकवल्यावर मोडतात का, हेही पाहावे. कडक झालेल्या नळ्या बदलून देणे फारसे महाग नसते, आणि त्याने सगळ्या फिल्टरचे रूप पालटते.

खोक्यावर लिहिलेला प्रवाहाचा आकडा बहुधा आत माध्यम, म्हणजे पाणी गाळणारे स्पंज आणि खडे, नसताना आणि पाणी फारसे वर चढवावे लागत नसताना मोजलेला असतो. खरा प्रवाह घरीच मोजता येतो. बाहेर येणारी नळी 10 लिटरच्या बादलीत सोडावी आणि घड्याळ लावावे. बादली 60 सेकंदांत भरली, तर फिल्टर तासाला 600 लिटर पाणी देतो. हा आकडा ‘माध्यमासह मोजलेला’ असे लिहून जाहिरातीत द्यावा. असा प्रामाणिक आकडा क्वचितच कोणी देतो, त्यामुळे तो लगेच नजरेत भरतो.

फिल्टरमधले माध्यम जिवंत द्यायचे की धुऊन, हे आधी ठरवावे लागते. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून निघणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू या माध्यमावर वसलेले असतात, आणि नव्या टाकीत त्यांची वसाहत तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात. त्यामुळे तयार माध्यम घेणाऱ्यासाठी मोलाचे असते. मात्र ते टाकीच्याच पाण्यात, हवेचा दगड, म्हणजे हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड, चालू ठेवून न्यावे लागते. बंद कॅनिस्टरमध्ये पाणी काही तास साचून राहिले, की त्यातला ऑक्सिजन संपतो, जीवाणू मरू लागतात आणि दुर्गंध येणारे विषारी पाणी तयार होते. ते तसेच नव्या टाकीत सोडले, तर मासे दगावतात. शिवाय जिवंत माध्यमासोबत गोगलगाई, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आणि इतर आजारही जाऊ शकतात, म्हणून गेल्या काही महिन्यांत टाकीत आजार झाला असेल तर माध्यम जिवंत देऊ नये. घेणारा दुसऱ्या दिवशी टाकी लावणार नसेल, तरीही ते धुऊन, पूर्ण वाळवून देणेच योग्य.

स्वच्छतेसाठी साबण वापरू नये. त्याचा अंश माध्यमात आणि नळ्यांत राहतो. क्षार पांढऱ्या व्हिनेगरने किंवा सायट्रिक आम्लाच्या द्रावणाने निघतात. आजार झालेल्या टाकीसाठी ब्लीचचे पातळ द्रावण वापरता येते, पण व्हिनेगर आणि ब्लीच यांचा एकमेकांशी कधीही संबंध येऊ देऊ नये, कारण त्यांतून क्लोरीन वायू निघतो. हातावर जखम असेल तर गाळ काढताना हातमोजे घालावेत. मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जीवाणू अशा पाण्यातून त्वचेत शिरून दीर्घकाळ टिकणारे फोड निर्माण करतो. अ‍ॅक्रिलिकच्या टाकीवर अमोनिया किंवा अल्कोहोल असलेले काच पुसायचे द्रव फवारू नये, कारण त्याने पृष्ठभागावर बारीक तडे जातात.

बाकीच्या उपकरणांबाबत थोडक्यात सांगतो. हीटर पाण्याबाहेर काढण्यापूर्वी प्लग काढून किमान 15 ते 20 मिनिटे तो थंड होऊ द्यावा आणि बादलीत थर्मामीटर ठेवून तो ठरलेल्या तापमानाला बंद होतो का, हे पाहावे. शंका वाटली तर तो विकूच नये. यूव्ही दिवा निळसर दिसत असला, तरी जंतू मारण्याची त्याची ताकद बहुधा वर्षभर सतत चालल्यावर बरीच घटलेली असते, म्हणून तो किती महिने वापरला ते सांगावे आणि उघडा दिवा लावून कोणालाही दाखवू नये, कारण त्या किरणांनी डोळ्यांना इजा होते. खाऱ्या पाण्याच्या टाकीबरोबर संप, म्हणजे खाली ठेवलेली जोडटाकी, असेल, तर वीज जाते तेव्हा वरून किती पाणी परत येते आणि संपमध्ये ते मावते का, हे घेणाऱ्यासमोर पंप बंद करून दाखवावे. चिलर, म्हणजे पाणी थंड ठेवणारे यंत्र, नेताना उभाच ठेवावा आणि नव्या जागी काही तास स्थिर ठेवल्यावरच चालू करावा.

एकत्र की सुटे, आणि भाव

फिल्टर आणि दिवे सुटे विकायला काढले, तर ते लवकर जातात, पण नुसती टाकी महिनोन्महिने जागा अडवून बसते. त्यामुळे आधी ठरावीक मुदत, समजा 3 आठवडे, संपूर्ण संच म्हणूनच विक्रीला ठेवावा आणि मगच सुटे भाग वेगळे करावेत. स्टँड टाकीपासून कधीही तोडू नये. त्या मापाचा दुसरा स्टँड मिळवणे घेणाऱ्याला अवघड जाते. भाव ठरवताना आपण किती पैसे घातले होते, हे बाजूला ठेवून आज त्याच मापाची नवी टाकी कितीला मिळते आणि तशाच जुन्या टाक्या प्रत्यक्षात कितीला विकल्या जातात, हे पाहावे. जाहिरातीतला भाव आणि विक्रीचा भाव यांत बरेच अंतर असते. टाकी जितकी मोठी, तितके गिऱ्हाईक कमी आणि वाहतुकीचा खर्च जास्त, आणि तो खर्च घेणारा मनातल्या मनात तुमच्या भावातून वजा करतच असतो. खडी, शोभेचे दगड आणि उरलेले खाद्य यांची किंमत लावू नये. ती सोबत द्यावीत.

जाहिरातीचा मजकूर असा असू शकतो: ‘120 × 45 × 60 सेंमी, 10 मिमी काच, प्रत्यक्ष पाणी सुमारे 279 लिटर. गोड्या पाण्यासाठीच वापरली आहे. सध्या भरलेली आणि चालू असून तशीच येऊन पाहता येईल. उजव्या काचेवर 4 सेंमीचा ओरखडा आहे, चित्र जोडले आहे. जोडांची दुरुस्ती झालेली नाही. कॅनिस्टर फिल्टरचा प्रवाह माध्यमासह तासाला 600 लिटर, रबरी रिंग नवी. तांब्याचे औषध वापरलेले नाही. रिकाम्या टाकीचे वजन सुमारे 63 किलो. उचलायला 4 माणसे आणावीत.’ तांब्याचा उल्लेख अनेकांना अनावश्यक वाटेल, पण कोळंबी आणि प्रवाळ यांना तांब्याचा अल्प अंशही मारक ठरतो, आणि औषध वापरलेल्या टाकीतली खडी व दगड ते धरून ठेवतात. तळाची काच टफन्ड, म्हणजे तापवून कणखर केलेली, असेल तर तेही लिहावे, कारण तिला भोक पाडायला गेले की ती चुरा होते.

विसार घेतल्याशिवाय टाकी रिकामी करू नये, हा माझा पक्का नियम आहे. पाहून पसंत पडल्यावर थोडी रक्कम घ्यावी, नेण्याचा दिवस लिहून घ्यावा आणि उरलेले पैसे टाकी दाराबाहेर पडण्यापूर्वी घ्यावेत. न पाहता पूर्ण पैसे पाठवायला तयार झालेल्या माणसापासून सावध राहावे. पैसे स्वीकारण्यासाठी पिन किंवा ओटीपी कोणालाही द्यावा लागत नाही.

मासे आणि वनस्पती

मासे घेणारा वेगळा असेल, तर त्यांची सोय टाकी रिकामी करण्याच्या दिवसाआधी लावावी. काहीही झाले तरी मासे, वनस्पती किंवा टाकीचे पाणी नदी, तळे वा समुद्रात सोडू नये. कॉलेर्पा टॅक्सिफोलिया हे मत्स्यालयांत शोभेसाठी ठेवले जाणारे शैवाल 1984 मध्ये मोनाकोजवळच्या समुद्रात आढळले आणि पुढे भूमध्य समुद्राचा मोठा तळ त्याने व्यापला. वनस्पती वाळवून टाकाव्यात आणि पाणी घरातल्या मोरीत सोडावे. गोडे पाणी कुंड्यांनाही चालते.

रिकामी करणे आणि उचलणे

हीटर आणि दिवे आधी बंद करावेत, मग जाड नळीने सायफन लावावा. टाकीत थोडेसे पाणी आणि खडी ठेवून ती उचलण्याचा मोह होतो, आणि भरल्या टाकीत जे जोड वर्षानुवर्षे टिकले तेच अशा उचलण्यात सुटतात, कारण पाणी एका बाजूला झुकते आणि तळाची काच मधोमध पिळली जाते. खडी सगळी काढावी आणि तळ पुसून घ्यावा. उचलताना हात नेहमी तळाखाली असावेत. वरच्या पट्ट्या धरायच्या नसतात, त्या काचेला बाहेर फुगण्यापासून रोखण्यासाठी असतात. काच उचलायचे सक्शन कप कोरड्या, स्वच्छ काचेवरच लावावेत आणि तरीही एका हाताचा आधार खाली असावा. दार, जिन्याचे वळण आणि लिफ्ट यांची मापे त्या दिवशी घेऊन उपयोग नसतो. ती घेणाऱ्याला आधीच कळवावीत, आणि त्याच्या घराची त्याच्याकडून मागवावीत.

वाहनात टाकी तळावरच, सपाट आणि संपूर्ण आधारावर, थर्माकोल किंवा जाड गादीवर ठेवावी आणि बाजूंना चादरी भराव्यात. टाकीच्या आत फिल्टर, दगड किंवा इतर काहीही ठेवू नये. एका धक्क्यात आतला दगड काचेवर आपटला, की इतक्या दिवसांची मेहनत वाया जाते.

ताबा देताना एका कागदावर मापे, शेवटचे पाणी काढल्याची तारीख, वापरलेली औषधे आणि बदललेले भाग लिहून द्यावेत, आणि घेणाऱ्याने स्टँड पातळीत लावून, टाकी टप्प्याटप्प्याने भरून, 24 तास पाहिल्याशिवाय त्यात मासे सोडू नयेत, असे त्यात नमूद करावे. टाकी तुमच्या घरी भरलेली पाहिली होती आणि वाहतुकीची जबाबदारी कोणाची, हे दोन ओळींत लिहून दोघांनी सही केली, की नंतरचे वाद टळतात. नळ्यांच्या क्लिपा, रबरी चोषके, जास्तीची रिंग आणि फिल्टरची माहितीपुस्तिका एका छोट्या पिशवीत भरून ती घेणाऱ्याच्या हातातच द्यावी, कारण चादरींमध्ये खोचलेली अशी पिशवी हमखास हरवते आणि त्या एका क्लिपेवाचून नवी टाकी आठवडाभर अडून राहते.